सिस्टर आवाज का बंद करतात?

“...पण मग सिस्टर तो बंद का करतात, बाई? इतका गोड आवाज!”

शौनक बोलतबोलतच घरात शिरला. एक चप्पल दारात, दुसरी पार जिन्याजवळ. गडी नुसता उकळत होता.

वत्सलाबाई पेडणेकर मटार सोलत बसल्या होत्या. उभा जन्म त्यांनी रेडिओच्या नाटकांना आवाज पुरवले. पाऊस, घोडे, दारं, भांडणं, सगळं. शौनक त्यांचा शेवटचा शिष्य, आणि त्याच्या स्वतःच्या मते सगळ्यांत हुशार.

“कसला आवाज?”

“इस्पितळातल्या यंत्राचा हो! सलाइन संपत आलं की खाटेजवळच्या यंत्राचा पडदा उजळतो आणि मी बनवलेला आवाज वाजायला लागतो. बाटली बदलून होईस्तोवर थांबतच नाही. गाफील राहायची सोयच ठेवली नाही मी!”

“बरं...”

“बरं काय, बाई! पहिल्या चाचणीत दुपारपर्यंत सिस्टरांनी एकूण एक यंत्र मुकं करून टाकलं. एका आजोबांचं सलाइन संपलं, नळीत रक्त उलटं चढलं, आणि कुणाला पत्ता नाही! थोडक्यात निभावलं. उद्या दुसरी चाचणी आहे. उद्याही त्यांनी बंद केला तर माझं काम गेलंच. ते जाऊ दे... पण पुढच्या वेळी थोडक्यात निभावलं नाही तर?”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“मग काय केलंस?”

“आणखी गोड केला! बासरी घातलीय, बाई. बासरी!”

आतल्या खोलीत झोळीत बाईंची नात झोपली होती. बाईंनी तिकडे बोट केलं.

“तिच्या कानाशी वाजव.”

“अहो, उठेल ना ती!”

“वाजव म्हणते ना!”

शौनकने फोन झोळीजवळ धरला. बासरी वाजली. नात झोपेतच गोड हसली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

शौनकचं तोंड एवढंसं झालं. “मोठ्याने लावून बघू?”

बाईंनी ताटातले मटार नीट पातेल्यात ओतले. रिकामं ताट उचललं... आणि सरळ फरशीवर सोडून दिलं.

खण्ण!

अगं आई गं, काय ते रडणं! पोरीने घर डोक्यावर घेतलं. सूनबाई मंजिरी गच्चीतून ओला टॉवेल खांद्यावर घेऊन धावली. शेजारच्या काकू लाटण्यासकट दारात हजर.

“आले गं सोनू, आले, आले...”

मंजिरीचा हात झोळीला लागायच्या आत पोर गप्प. एक हुंदका, आणि संपलं.

“आई, अहो ताट कुणी पाडलं?”

“मीच,” बाई म्हणाल्या.

मंजिरी सासूकडे बघतच राहिली. काकू हसत परत गेल्या.

शौनक मात्र जागच्या जागी नाचत होता. “सापडलं, बाई, सापडलं! गोड नकोच! असा हवा, काळजाला हात घालणारा. दोन घरं धावत आली! रडायला लागली तसं मी फोनवर टिपून घेतलंय. उद्या हाच टाकतो. बघतोच कोण बंद करतंय ते!”

“ऐकव बरं.”

शौनकने तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजेल असं लावून बटण दाबलं. फोनमधून पोर रडू लागली. ट्यँहँ... ट्यँहँ... थांबेचना.

“अरे, बंद कर आधी ते!” कडेवरच्या लेकीला थोपटत मंजिरी कावली. “मी आलेय ना इथे? बंद कर म्हणते ना! डोकं उठलं माझं!”

शौनकने घाईघाईने फोन बंद केला.

शौनक एकदा मंजिरीकडे बघे, एकदा हातातल्या फोनकडे.

“बाई... म्हणजे सिस्टर...”

बाई पुन्हा मटार सोलायला बसल्या होत्या.

“रडली, ते टिपलंस,” त्या म्हणाल्या. “गप्प झाली, ते कुणी टिपायचं?”