कुठे म्हणू नये

हा संवाद झाला तेव्हा लिहिणारी तिथे नव्हती. मठाच्या पायऱ्या चढताना देवदत्त रिसबुडाच्या चेहऱ्यावर काय होते, हे तिने पाहिलेले नाही. पुढे त्यानेच जे सांगितले, ते एका प्रश्नापासून सुरू होते.

"...आणि मेल उघडणारा माणूस कुठे आहे, हे तुला तिथे न जाता कळतं?"

आंबेखिंडीतल्या मठाचे भुजंगनाथ महाराज ओसरीवर सुपात गहू निवडत बसले होते. वर न पाहता त्यांनी विचारले.

"कळतं, महाराज. माझं कामच ते आहे." देवदत्त एका चपलांच्या कंपनीसाठी मेल पाठवत असे. कोणत्या तालुक्याला कोणता मेल, हे तो ठरवी. "जिथे पाऊस, तिथे रबरी. जिथे ऊन, तिथे चामडी. नेम चुकत नाही."

"आणि माणूस हलला तर?"

"तर ठिपकाही हलतो."

त्याने मोबाइल पुढे धरला. नकाशावर, आंबेखिंडीच्या नावाशेजारी, एक लाल ठिपका होता.

"हा माझा धाकटा भाऊ. श्रीरंग. घर सोडून गेला, त्याला वर्षं झाली. कंपनीच्या जुन्या ग्राहकांत त्याचा मेलचा पत्ता सापडला. मी पाठवलेला प्रत्येक मेल तो इथे उघडतो. रोज पहाटे."

"त्याला काय लिहिलंस?"

"त्याला एकट्याला नाही... या तालुक्यातल्या सगळ्यांना. म्हणजे त्याला संशय येणार नाही."

"पण लिहिलंस काय?"

"'आम्हाला तुमची आठवण येते. परत या. सर्व चपलांवर पंधरा टक्के सवलत.'"

महाराजांनी गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"अरे, तो तूच होय! आमच्या शाळेच्या मास्तरीणबाईंना आला तो. यजमान गेल्यापासून त्यांना आठवण येते म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. इथे, या पायरीवर बसून रडल्या. खाली चपला निघाल्या तेव्हा हसल्यासुद्धा... पण आधी रडल्या."

मेल किती जणांनी उघडला, याचा आकडा देवदत्ताला तोंडपाठ होता. रडलेल्यांसाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

"श्रीरंगला बोलवा, महाराज," तो म्हणाला. "आमचे बाबा गेले. त्याला माहीत नाही."

"ते मेलात होतं?"

"...नाही."

"चपला होत्या."

"चपला होत्या."

महाराज उठले. कोनाड्यातून त्यांनी एक मोबाइल आणला. त्याच्या कोपऱ्यातली तडा गेलेली काच देवदत्ताने लांबूनच ओळखली.

"हा ठेवून गेला तो. म्हणाला, 'वाजला तर बघा.' हाक आली की ओ द्यावी. म्हणून पहाटे उठलो की मी उघडत होतो."

"आपण?"

"मीच. तुझी ती निळी सँडल वाईट नव्हती."

रोज पहाटे ठिपका उजळला की देवदत्त आईला सांगत आला होता, 'श्री उठला.' त्या दोन शब्दांवर आई चहा घेत असे.

"मग तो... तो कुठे गेला?"

"मी विचारलं नाही."

"विचारलं नाही?" त्याचा आवाज चढला. "माणूस उठून चालू लागतो, आणि आपण साधं कुठे म्हणून विचारत नाही?"

"निघणाऱ्याला कुठे म्हणू नये. तुमच्या घरी पाळत नाहीत?"

देवदत्ताच्या घरीही पाळत असत.

आई नेहमी 'लांब का?' एवढेच विचारी. चुकून कोणी 'कुठे' म्हटलेच, तर बाबा चपला काढून परत आत येत, घोटभर पाणी पीत, क्षणभर टेकत आणि मगच निघत. श्रीरंग निघाला, त्या दिवशी दारातून मोठ्याने 'कुठे चाललास?' असे ओरडला होता तो देवदत्तच. श्रीरंग परत येऊन टेकला नव्हता.

महाराजांनी मोबाइल त्याच्या हातात दिला. मागची बाजू फुगून उकलली होती.

"पाडव्यालाच बंद पडला. त्यानंतर माझ्याच्यानं उघडणं झालं नाही."

"शक्य नाही." देवदत्ताने घाईघाईने आपला मोबाइल पाहिला. "आज पहाटेचाही उघडलाय. इथेच. हा बघा ठिपका!"

महाराज वाकले. त्यांनी ठिपक्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली आंबेखिंड गेली, खालचे गाव गेले, अर्धा तालुका गेला.

"एवढ्यात कुठेतरी?"

"...हो. एवढ्यात कुठेतरी."

ठिपका म्हणजे माणूस नव्हे, जवळच्या टॉवरचा अंदाज, हे देवदत्ताला ठाऊक होते. कधीकधी कोणी न वाचताही यंत्रच मेल उघडते, हेही ठाऊक होते. कंपनीला या दोन्ही गोष्टी तो कधी सांगत नसे. आईलाही त्याने त्या सांगितल्या नव्हत्या.

"मग आता उघडतं कोण?" त्याने विचारले.

महाराज गव्हाकडे वळले.

बऱ्याच वेळाने देवदत्ताने मेल लिहायला घेतला. तालुका निवडला नाही. चपला नव्हत्या. एकच पत्ता, आणि मजकूर एवढाच: *श्री, बाबा गेले. आई आहे. तुझा देवा.*

त्याने तो पाठवला.

ओसरीवर सुपाचा आवाज तेवढा येत राहिला... मग थांबला.

पडद्यावर खूण उमटली. मेल उघडला गेला होता.

देवदत्त ताडकन उभा राहिला. नकाशा काढला. आंबेखिंडीवर ठिपका नव्हता. तालुक्यात नव्हता. त्याने नकाशा लहान केला, आणखी लहान केला... ठिपका कुठेच नव्हता. खाली एक बारीक ओळ होती: ठिकाण अज्ञात.

त्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग चपला पायात सरकवल्या. पट्टा लागेना. तसाच वाकून तो कसाबसा म्हणाला,

"येतो, महाराज."

महाराजांनी सूप खाली ठेवले.

"लांब का?"