रंभाजीची चाळीस पुस्तकं

एका गावात एक भोळा गूळवाला होता. नाव रंभाजी. भोळा हे आपलं गाव म्हणायचं. मी म्हणतो, ठार मूर्ख.

त्याच्या मनात शेजारच्या गावच्या बापू गुरुजींची इंदू भरली. पण गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, "पोरगी वाचणारी आहे. वाचणाऱ्याच्याच घरी देईन."

रंभाजीची आत्या म्हणाली, "मग आण की पुस्तकं! चांगल्या नावाजलेल्या लेखकांची आण."

रंभाजी शहरात गेला. दुकानदाराला म्हणाला, "नावाजलेले लेखक द्या. चाळीस."

"कुठले देऊ?"

"जड असतील ते."

दुकानदारानं दिले. त्यात त्र्यंबकपंतांची बाराच्या बारा पुस्तकं होती. हे त्र्यंबकपंत म्हणजे इंदूचे सख्खे मामा, आणि लेखक म्हणून जिल्ह्यात मोठं नाव. रंभाजीनं सगळी पुस्तकं गुळाच्या ढेपांवर टाकून गाडीतून आणली. घरी पोचेपर्यंत निम्म्यांना मुंगळे लागले.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, चांगली चीज अशी उघडी ठेवतात? तिला कागदाचं कव्हर घालावं, वर आपलं नाव घालावं आणि काचेच्या कपाटात ठेवावी. चारचौघांना दिसेल अशी!"

"बरं आत्या," रंभाजी म्हणाला. लक्षात ठेवलं हो त्यानं! लक्षात ठेवण्यात तो पक्का होता, तिथंच तर घोटाळा होता.

दुसऱ्या दिवशी बापू गुरुजी स्थळ बघायला आले. आत्यानं पोह्यांच्या बशा भरून दिल्या. चांगली चीज! रंभाजीनं प्रत्येक बशीला कागदाचं कव्हर घातलं, वर 'रंभाजी' असं नाव घातलं आणि बशा पुस्तकांशेजारी काचेच्या कपाटात लावल्या. गुरुजी तासभर काचेतून पोहे बघत बसले. पण शेजारी चाळीस पुस्तकं दिसत होती, म्हणून रागावले नाहीत. म्हणाले, "पुढच्या रविवारी मुलीच्या मामांना घेऊन येतो. ते म्हणतील तसं."

ते गेल्यावर आत्या कडाडली. "अरे टोणप्या! पाहुणा आला की कपाटातलं काढून त्याच्या ताटात वाढायचं. 'घ्या, अजून घ्या' असा आग्रह करायचा!"

"बरं आत्या."

रविवारी त्र्यंबकपंत आले. सोबत गुरुजी आणि इंदूही होती. पाटापुढे ताट मांडलं. रंभाजीनं कपाटातलं काढलं आणि वाढलं. बाराच्या बारा पुस्तकं. "घ्या मामा, अजून एक घ्या. लाजू नका!"

शिरा चुलीवर करपला. पण ताटात आपलीच पुस्तकं बघून त्र्यंबकपंतांचं पोट तसंच भरलं. त्यांनी एक उघडलं आणि चेहरा उतरला. त्या काळी पुस्तकाची पानं कडेला जोडलेली यायची. वाचणाऱ्यानं सुरीनं एकेक कापत पुढं जायचं. इथं एकही पान कापलेलं नव्हतं.

"अहो, हे काय? पानं जोडलेलीच!"

"होय मामा. अगदी आणली तशी."

"वेडे आहात का? जोडलेलं दिसलं की आधी पातं घालून मोकळं करायचं. त्याशिवाय ती वस्तू आपली झाली म्हणू नये!"

"बरं मामा."

इंदू पटकन म्हणाली, "बघितलंत ना मामा? यांनी एक ओळ वाचलेली नाही. मला नको हे स्थळ."

त्र्यंबकपंतांनी बारा पुस्तकांवरून हात फिरवला. "वाचणारे ढीग आहेत गं. सगळे माझ्याकडून फुकट मागून नेतात. विकत घेणारा हा पहिलाच भेटला. पोरगा हातचा घालवू नये!"

झालं! शहाण्याचंही डोकं असं फिरतं. लग्न ठरलं आणि इंदू आठ दिवस रडली.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरदेवाच्या हातात रीतीप्रमाणे कट्यार, टोकाला लिंबू. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. भटजींनी रंभाजीच्या उपरण्याला इंदूच्या शेल्याची गाठ मारली आणि म्हणाले, "चला, आता सप्तपदी. तेवढी झाली की लग्न पुरं."

रंभाजी पाऊल टाकायला गेला. उपरणं ओढलं गेलं. त्यानं वळून बघितलं. जोडलेलं!

त्यानं लिंबू काढून भटजींच्या हातात दिलं, आणि गाठीच्या पलीकडून शेला खस्सकन कापला.

मांडवात एकच गलका झाला. भटजी ओरडले, "अहो, काय केलंत हे!"

रंभाजी मात्र छाती फुगवून त्र्यंबकपंतांना म्हणाला, "बघा मामा, या खेपेला आधी मोकळं केलं."

"केलंत खरं," इंदू म्हणाली. आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली. उरलेला शेला खांद्यावर टाकून ती मांडवातून चालती झाली. गुरुजी तिच्या मागं गेले. मामांना कुणी हाकसुद्धा मारली नाही.

गाठ रंभाजीच्या उपरण्याला राहिली. त्यानं घरी येऊन तिला कागदाचं कव्हर घातलं, वर आपलं नाव घातलं आणि काचेच्या कपाटात ठेवली, चाळीस पुस्तकांच्या शेजारी.

अजूनही कोणी आलं की तो बोट दाखवून सांगतो, "हे लेखक. आणि हे आमचं लग्न."