पास्कूच्या विहिरीवरचे दोन उजेड

पाणखारच्या देवळाकडून, म्हणजे तिथल्या चर्चकडून, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, केळीच्या वाड्या संपतात तिथे, एक गोड्या पाण्याची विहीर आहे. विहिरीला लागून चुन्याने रंगवलेला क्रूस आणि त्याला दोन पायऱ्या. वरच्या पायरीवर मेणबत्ती जळते, खालच्या पायरीवर खोबरेल तेलाचा दिवा. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. एकाच क्रूसापुढे हे दोन-दोन कशाला, असं विचारतो. मग विहिरीची झाडलोट करणाऱ्या रेमेतमावशी झाडू बाजूला ठेवतात आणि आधीच बजावतात, की हकिकत सांगते, पण शेवटी पास्कू कुठे आहे ते मला विचारायचं नाही. ते या गावात आजवर कुणालाच कळलेलं नाही.

फार मागची गोष्ट. पाणखारात पास्कू आणि दुमिंग नावाचे दोन सख्खे भाऊ होते, असे सांगतात. थोरला पास्कू विहिरी खणण्यात पटाईत, धाकटा दुमिंग पानवेलीची वाडी सांभाळणारा. बाप गेल्यावर वाडीची वाटणी झाली आणि कुंपणावरच्या एका माडावरून दोघांत बिनसलं. माड लावला होता बापाने, पण दुमिंगच्या नावाने; दुमिंग तेव्हा बापाचं बोट धरून चालत होता. हे पास्कूच्या बायकोला, कातरीनला, खुद्द सासऱ्याने सांगितलेलं. पण पंच बसले त्या दिवशी पास्कूने देवळापुढच्या क्रूसावर हात ठेवला आणि माड माझ्या नावाचा आहे, अशी आण घेतली. पंचांनी कातरीनला विचारलं, तुला काही ठाऊक आहे का. कातरीनने मान खाली घातली. माड पास्कूकडे आला आणि भावाभावांचं बोलणं सात वर्षं बंद पडलं. पास्कू तेव्हापासून रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला गेला की मागच्या दारापाशी उभा राही आणि फादरांपुढे पापनिवेदनाला कधी गुडघे टेकत नसे. कातरीन हे बघत होती. बोलत मात्र काहीच नव्हती.

पुढे म्हणे तीन वर्षं पावसाने हात आखडता घेतला. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत शिरलं आणि गावातल्या सगळ्या विहिरी मचूळ झाल्या. पानवेली करपल्या. गावाने ठरवलं, वाडीच्या टोकाला नवी विहीर खणायची, घरटी एक माणूस. पास्कू तर हवाच होता, आणि दुमिंगचीही पाळी आली. दोघे भाऊ एकाच खड्ड्यात उतरले आणि तरीही एकमेकांशी बोलले नाहीत. फावडं हवं असलं तर वर ओरडून मागत, वरचा माणूस खालच्या दुसऱ्याला सांगे. गाव हसायचं.

बाराव्या दिवशी खाली हे दोघेच असताना एका बाजूची माती सरकायला लागली. मातीची खोड पास्कूला आधी कळली. वर ओढायची पाटी एकच होती आणि तिच्यात एकच माणूस मावत होता. पास्कूने दुमिंगला बखोटीला धरून पाटीत बसवलं आणि म्हणाला, "तू पयला जा." सात वर्षांतलं ते पहिलं बोलणं, आणि शेवटचंही. पाटी काठाला लागली आणि खाली सगळी माती बसली. संध्याकाळी पास्कूला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. त्याला मूठमाती दिल्यावर तिसऱ्या दिवशी राहिलेला गाळ उपसला, तर तळातून पाणी आलं. गोडं पाणी, शहाळ्यासारखं.

आता गावाला आणखी काय हवं होतं? भावासाठी मेला, वैऱ्यासारख्या भावासाठी मेला आणि गावाला पाणी देऊन गेला. विहिरीजवळ क्रूस उभा राहिला आणि बायका पाणी भरायला आल्या की पास्कूकडे मागणं मागू लागल्या. कुणाचा ताप उतरला, कुणाची सोयरीक जुळली. महिन्याभरात पास्कू गावाचा संत होऊन बसला. संत ठरवण्याचा अधिकार पोपचा, पण रोमला कुणी विचारायला गेलं नाही. पाणखारने आपापसांतच उरकून टाकलं.

कातरीनची मात्र झोप उडाली. संताकडे मागायचं असतं आणि मेलेल्यासाठी मागायचं असतं, एवढं तिला लहानपणापासून शिकवलेलं. मेलेला माणूस डाग घेऊन गेला असेल तर तो शुद्धिस्थानात धुतला जातो, आणि तिथे त्याला स्वतःसाठी काही करता येत नाही. मागच्यांनी प्रार्थना करावी तेव्हा त्याची सुटका. खोटी आण घेऊन, पापनिवेदन न करता गेलेला आपला नवरा तिथेच असणार, असं तिला वाटे. आणि सगळं गाव त्याच्याकडे मागतंय, त्याच्यासाठी कुणीच मागत नाही. मग तो सुटायचा कसा? पण भावाला पाटीत बसवणारा तोच ना? तेवढ्याने ती आण पुसली गेली असेल का? विचार करून करून तिचं डोकं भणभणायचं.

ती एकटीच विहिरीवर जाऊन त्याच्यासाठी जपमाळ म्हणू लागली. एकदा तिची म्हैस दोन दिवस हरवली होती. जपमाळ म्हणता म्हणता, स्वतःच्याही नकळत, ती म्हणाली, "अरे, तेवढी म्हैस बघ ना कुठं गेली ती." घरी आली तर म्हैस दारात उभी. दुसरी कुणी असती तर आनंदली असती. कातरीन ओट्यावर बसून रडली. त्याच्यासाठी मागायला गेले आणि त्याच्याकडेच मागून आले, आणि त्याने दिलंही. आता तो वर स्वर्गात आहे म्हणू की खाली शुद्धिस्थानात?

फादरांकडे जावं असं तिच्या मनात रोज येई. पण काय सांगणार? सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. मेलेल्या नवऱ्याची अब्रू घालवायची, आणि पंचांपुढे आपण गप्प राहिलो तेही कबूल करायचं. ती उद्यावर ढकलत राहिली.

तेवढ्यात नोव्हेंबर आला. पहिल्या तारखेला सर्व संतांचा सण. विहिरीला झेंडूच्या माळा लागल्या, बायकांनी संतांची नावं आळवली आणि शेवटी कुणीतरी पास्कूचंही नाव घेऊन "आमच्यासाठी विनंती कर" म्हणून टाकलं. दुसऱ्या तारखेला मृतांचा दिवस. त्या दिवशी मिस्साच्या आधी गावातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं देवळात वाचत, आणि प्रत्येक नावाला त्याच्या घरची माणसं गुडघे टेकत. कातरीन सकाळपासून त्या एका नावासाठी जीव मुठीत धरून बसली होती. मी एकटी किती पुरणार, पण आज सारं देऊळ त्याच्यासाठी प्रार्थना करील, एवढीच तिची आशा. फादर काळा झगा घालून उभे राहिले. एकेक नाव आलं. सासऱ्याचं आलं, सासूचं आलं, पटकीत गेलेल्या तान्ह्या पोरांचीही आली. यादी संपली. पास्कूचं नाव नव्हतं.

यादी लिहिणाऱ्या मास्तरने ते मुद्दाम गाळलं होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. संताचं नाव मेलेल्यांत घालायचं म्हणजे त्याचा अपमान, असं त्याला वाटलं. गावालाही तेच वाटलं असतं.

कातरीन उभी राहिली. देवळात बाईमाणसाने असं उभं राहून बोलायची रीत नव्हती. "माझ्या घोवाचं नाव ऱ्हायलं," ती म्हणाली.

मास्तर मागे वळून हळू आवाजात म्हणाला, "अगो, त्याला कशाला? तो वर पोचला."

"पोचला का नाय ते तुला ठावं हाय? मना नाय ठावं," कातरीन म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. माड कुणाच्या नावाचा होता, आण कशी घेतली, आणि पंचांनी विचारलं तेव्हा ती स्वतः कशी गप्प बसली. "त्याला संत म्हणा नायतर काय पण म्हणा. पण त्याच्यासाठी मागा. तुम्ही नाय मागितलं तर तो तिथंच ऱ्हाईल."

सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी पुस्तकाचं पान उलटलं, परत सुलटं केलं. भावासाठी जीव देणारा कुठे जातो ते त्यांना ठाऊक होतं, आणि क्रूसावर खोटी आण घेणारा कुठे जातो तेही ठाऊक होतं. दोघे एकच असले तर काय, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "बाई, मला सांगता येत नाही," ते शेवटी म्हणाले. मात्र त्यांनी यादीच्या शेवटी पास्कूचं नाव मोठ्याने वाचलं आणि स्वतः गुडघे टेकले. त्यांच्यामागून सगळं देऊळ गुडघ्यांवर बसलं. एकटा दुमिंग उठला आणि बाहेर निघून गेला.

मिस्सा संपल्यावर कातरीन त्याला शोधत विहिरीवर आली, तिच्यामागे निम्मं गाव. दुमिंग क्रूसापुढे बसला होता. वरच्या पायरीवर त्याने मेणबत्ती लावली होती, आणि खालच्या पायरीवर घरातली पणती.

"माड माझा हाय ते मना तवाच ठावं होतं," तो कातरीनला म्हणाला. "सात वरसं त्याच्यावर जळलो. मंग त्यानं मना पाटीत बसवलं. आता राग कुणाचा धरू आणि पाया कुणाच्या पडू, मना काय समजत नाय, वयनी."

कातरीन म्हणाली, "मना पण नाय समजत."

"तो वर असंल तर आपलं ऐकंल. खाली असंल तर त्याला आपली गरज हाय. दोन्ही पेटू दे," दुमिंग म्हणाला.

कातरीनने त्याला तो माड आणि कुंपणाची पट्टी परत देऊ केली. दुमिंगने जमीन घेतली नाही, माड तेवढा घेतला. त्याचे नारळ त्याने कधी विकले नाहीत. वाळवून, घाण्यावर तेल काढून, ते सगळं तेल तो खालच्या पायरीवरच्या दिव्याला घालत राहिला, मरेपर्यंत. ज्या माडासाठी पास्कूने आण घेतली, तोच माड त्याच्यासाठी जळत राहिला.

कातरीन म्हातारी होऊन गेली. जाताना तिने बजावून ठेवलं म्हणे, की मी पंचांपुढे गप्प बसलेली बाई, माझ्याकडे कुणी काही मागू नका. खालच्या दिव्यात माझ्या नावाची एक वात वाढवा, पुरे.

आजही पाणखारात दुसऱ्या नोव्हेंबरला पास्कूचं नाव यादीत सगळ्यांत शेवटी वाचतात आणि त्या नावाला अख्खं देऊळ गुडघे टेकतं. मूळचा माड कधीच पडला. त्याच्याच नारळाचं रोप त्याच जागी लावलं, तेही पडलं, आता तिसरा उभा आहे आणि दिव्याला तेल त्याचंच लागतं. पाहुण्यांनी विचारलं, आधी काय पेटवायचं, तर रेमेतमावशी खालच्या दिव्याकडे बोट दाखवतात. मागायचं असलं तर आधी द्यावं, एवढंच त्या म्हणतात.

खालच्या दिव्यात आजही दोन वाती असतात. मावशी रोज सकाळी त्या नीट करतात, पहिली पास्कूसाठी, दुसरी कातरीनसाठी, आणि दोघांसाठी एकेक नमो मारियाची प्रार्थना म्हणतात. परवा त्यांच्या सुनेच्या स्कूटरची किल्ली सापडेना. साऱ्या घराने शोधून झाल्यावर मावशी विहिरीवर आल्या, इकडेतिकडे कुणी नाही असं बघितलं, आणि दुसऱ्या वातीपाशी वाकून पुटपुटल्या, "कातरीन, बाय, तेवढी किल्ली बघ ना."