गायिका आणि बेटावरची गुहा

समुद्राकाठच्या एका नगरात, फार वर्षांपूर्वी, एक गायिका राहत होती. तिचा आवाज असा, की ऐकणारा हातातलं काम विसरायचा. तिलाही ते ठाऊक होतं. देवळाचा घुमट दिसो की खोल विहीर, तिथे एक तान घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

एकदा ती थोरल्या बहिणीबरोबर शिडाच्या गलबतातून दूरच्या बंदराला निघाली. भर दुपारी वारा पडला, शीड लोंबू लागलं. नाखव्याने एका निर्जन बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. समोरच्या कड्यात, पाण्यालगत, एक काळी कमान दिसत होती.

"नाखवा, ती गुहा आहे का हो?" गायिकेने विचारलं.

"गुहाच ती. आत मीही कधी गेलो नाही. भरतीला अजून वेळ आहे. चला, बघून येऊ."

तिघं छोट्या होडीत उतरली. डोकी वाकवून कमानीखालून आत शिरली, आणि बोलायचंच विसरली.

बाहेरचं ऊन पाण्याखालून आत येत होतं. सगळं पाणी उजळून निळंहिरवं झालं होतं आणि त्याचा उजेड उंच छतावर संथ हलत होता. छताला पाकोळ्यांची शेकडो घरटी चिकटली होती. वरच्या फटीतून पाकोळ्या येत, पिल्लांना भरवत आणि पुन्हा आभाळात जात. माणूस तिथे कधी आलाच नसावा.

"गा ना गं," बहीण कुजबुजली. "इथे तुझा आवाज कसा घुमेल!"

गायिका ताठ बसली. तिने खोल श्वास घेतला. तेवढ्यात तिच्या डोक्यावरच्या घरट्यातून एक पिल्लू मान काढून तिच्याकडे टकमक बघू लागलं. सूर ओठांपर्यंत आला होता, पण तिने श्वास तसाच सोडून दिला.

"नको ताई. इथे काही कमी नाही. आपण नुसतं ऐकू या."

नाखव्याने वल्हं उचलून धरलं. आधी काहीच ऐकू येईना. मग ठिबकणारं पाणी, पिल्लांची चिवचिव, आणि त्या सगळ्याखाली समुद्राचं येणं-जाणं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. गायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि एकाएकी ती लय चुकली. पाणी येत होतं, पण परत जाताना अडखळत होतं. कमानीपाशी गुळगुळ वाजू लागलं.

"नाखवा, पाण्याचा आवाज बदललाय!"

नाखव्याने मागे पाहिलं. कमान निम्मी बुडाली होती. "आडव्या व्हा!" तो ओरडला आणि जीव खाऊन वल्हं मारू लागला. होडीचा काठ दगडाला घासला, खारं पाणी तोंडावर आलं, आणि होडी उन्हात बाहेर पडली. पाठोपाठ मोठी लाट आली आणि कमान पार दिसेनाशी झाली.

"भरतीचा माझा अंदाज चुकला," नाखवा धापा टाकत म्हणाला. "बाई, तुम्ही गात असता तर आपल्याला काही कळलंच नसतं."

संध्याकाळी वारा आला, शीड फुगलं. बहीण म्हणाली, "आता तरी गा."

"थांब ना ताई," बेटाकडे बघत गायिका म्हणाली. "माझं ऐकणं अजून संपलं नाही."

तात्पर्य, मुलांनो, असं: जिथे मन थक्क होतं, तिथे आधी आपण गप्प व्हावं; गप्प राहणाऱ्यालाच तिथलं सौंदर्यही कळतं आणि धोकाही.