पुलापासूनची किणकिण

घंट्या आणि काठ्या बोलत, त्या काळची गोष्ट. एका साध्याशा सकाळी दूध घालता घालता दूधवाल्याच्या सायकलच्या घंटीला कळलं, की आबा खोत रात्री झोपेतच गेले.

आबांची काठी तिला रोज सांगायची, "बये, पाठीशी येऊन कोकलू नकोस. आबा दचकतात आणि नेमके सायकलीपुढेच सरकतात. पुलापासून हळू वाज."

"तूच कडेने चाल की, म्हातारे," घंटी हसायची.

मग एकदा आबा खरंच धडपडले. काठीने सावरलं. घंटी वरमली. दुसऱ्या दिवशी तिने पुलापासूनच हलकी किणकिण केली. आबा सावकाश कडेला झाले. म्हणाले, "जा बाळा, जा."

काठीशी उद्या बोलू, असं घंटीने ठरवलं होतं. पण त्याच रात्री आबा गेले, आणि काठी पुन्हा रस्त्यावर आलीच नाही.

अजूनही घंटी पुलापासूनच वाजते. काठीला "तुझंच खरं होतं" म्हणायचं मात्र राहून गेलं.