तिवरातला मुजरा

खारगडच्या उदाजीराजांना समुद्र दिसत नव्हता!

समुद्राकाठी राज्य आणि राजाला समुद्र दिसू नये, म्हणजे काय! नवा सज्जा बांधला, त्यात झोपाळा टांगला. झोपाळ्यावर बसून तळलेली बोई मासळी खायची आणि लाटा बघायच्या, असा थाटाचा बेत. बसले तर समोर खाडीतल्या तिवरांचं रान! त्यात ओहोटी लागली की उघडा पडलेला चिखल आणि त्याचा वास थेट महाराजांच्या नाकात.

"तोडा ती तिवरं!" राजे गरजले. "एक झुडूप उभं दिसता कामा नये!"

दवंडी पिटली गेली. खाडीकाठच्या बायांनी डोक्यावरच्या टोपल्या खाली ठेवल्या. त्या तिवरांच्या मुळांत त्यांच्या चिंबोऱ्या, त्यांची कालवं. बोईची पिल्लं तिथंच वाढायची, वर बगळ्यांची घरटी. रान गेलं की चूल गेली. सगळ्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. त्यांच्यातल्या आवडी नावाच्या बाईने मात्र पदर कमरेला खोचला. चिंबोरीच्या बिळात नुसता हात घालणारी बाई ती, राजवाड्याला कशाला भिते!

ती दरबारात पोचली तेव्हा राजे यायचे होते. गादी रिकामी. आणि त्या रिकाम्या गादीसमोर अनंतपंत दिवाण कमरेत वाकून मुजरा करत होते!

"दिवाणजी, हा मुजरा लोडाला की तक्क्याला?" आवडीने विचारलं.

"गप्प बस! महाराज असोत नसोत, इथे केलेला मुजरा त्यांनाच पोचतो. दरबारची रीत आहे ती. तुला काय कळणार?"

"आता कळली की!"

तेवढ्यात राजे आले. आवडीने पाल्हाळ लावलं नाही. "महाराज, तिवरं तोडलीत तर सज्ज्यात बसून खाल काय? वाळू? बोई त्या मुळांतच मोठी होते. आणि ते बगळे, ते खेकडे, आम्ही बाया, आम्ही जायचं कुठं?"

"माझ्या राज्यात राहायचं तर माझा मान राखावा लागतो!" राजे म्हणाले. "माणसं मुजरा करतात. आमचा हत्तीसुद्धा सोंड उचलतो. तुझे ते चिखलातले खेकडे करतात का मुजरा?"

"करतात तर!"

सगळा दरबार खदाखदा हसला. राजे हसले नाहीत. "मग उद्या ओहोटीला मी स्वतः येतो. खेकड्यांनी मुजरा केला तर तिवराच्या पानालाही हात लावणार नाही. नाही केला तर पहिली कुऱ्हाड तू घालायचीस. तुझ्या हाताने!"

घरी शेजारणींनी तिला फाडून खाल्लं. "अगं आवडे, जीभ आहे की काय आहे! खेकड्याला कंबर तरी असते का वाकायला?"

"वाकायचं कोण म्हणतंय?" आवडी म्हणाली आणि भात जेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी चिखलात चौरंग मांडला. राजे वर बसले, दिवाणजी छत्री धरून उभे. आवडीच्या हातात कुऱ्हाड दिली होती. भालदाराने छाती फुगवून अशी काही ललकारी ठोकली, की होते नव्हते ते सगळे खेकडे सरसर बिळात!

"झालं!" दिवाणजी ओरडले. "घाल कुऱ्हाड!"

आवडीचं तोंड काही थांबलं नाही. "कुणाच्या दारात जाऊन अशी बोंब मारलीत तर बाहेर कोण येईल? सारावसुली आली म्हणून दडले बिचारे! ह्या भालदाराला गप्प करा, महाराज. आणि तुम्हीही गप्प बसा."

"मी? गप्प?"

"हलायचंही नाही."

जन्मात पहिल्यांदा उदाजीराजे गप्प बसले. नाकावर माशी बसली तरी गप्प. चौरंग हळूहळू चिखलात रुतत चालला तरी गप्प.

मग एका बिळातून दोन डोळे वर आले. पाठोपाठ एक नांगी, अंगाहून मोठा डेंगा, तांबडालाल. मग दुसरा खेकडा. मग अख्खा चिखल तांबडा झाला! आणि जो तो आपला मोठा डेंगा डोक्यावर उचलतोय, खाली आणतोय, पुन्हा उचलतोय. मुजऱ्यावर मुजरे!

राजांचा चेहरा फुलला. दिवाणजींचा आंबला. "महाराज, तो बघा! तो डाव्या हाताने करतोय! हा अपमान आहे!"

"उजव्या हाताने तो जेवतो," आवडी म्हणाली. "त्यांच्यात खायचा हात वेगळा आणि मुजऱ्याचा वेगळा. तुमच्या कचेरीत दोन्ही खायचेच!"

राजांनी मिशीत हसू दाबलं. दिवाणजी आता पेटलेच. "शुद्ध फसवणूक आहे, महाराज! हे नर आहेत. माद्यांना भुलवायला डेंगे हलवतात मेले! महाराज इथे बसलेत याची त्यांना दखलसुद्धा नाही!"

राजांची मान गर्रकन वळली. "काय गं? खरं हे?"

"अगदी खरं!" आवडी म्हणाली. "पण दिवाणजी, काल गादीवर कोणीसुद्धा नव्हतं. तरी तुमचा मुजरा महाराजांना पोचला म्हणालात. मग इथे तर महाराज सबंधच्या सबंध बसलेत! ह्यांचा कसा नाही पोचणार? नाहीतर सांगा, कालचा तुमचा लोडाला होता!"

उदाजीराजे असे हसले, असे हसले, की चौरंग एका बाजूला कलला आणि महाराज चिखलात बसले! चिखलातसुद्धा हसतच होते.

"पोचला गं बाई, पोचला! तिवरं राहिली! आता मुजरा करणाऱ्यांना बक्षीस काय देऊ?"

"त्यांचं घर त्यांना दिलंत, झालं की. मला तेवढा तो चौरंग द्या. कालवं फोडताना बसायला बरा आहे."

"दिला! वर जरीचं लुगडंही दिलं! पंत, काढा तो चौरंग!"

चौरंग चांगलाच रुतला होता. छत्री फेकून दिवाणजी पुढे आले आणि आवडीच्या पायाशी कमरेत वाकून तो ओढू लागले.

"पोचला हो, दिवाणजी!" आवडी म्हणाली.

राजांच्या हसण्याने सगळे खेकडे पुन्हा बिळात पळाले.