झेलूची नाव आणि डोहातली आसरा

पाय पोटाशी घ्या, उशा जवळ ओढा आणि ऐका.

एक होती नदी. दोन गावांच्या मधून वाहायची. अलीकडे बोरवण, पलीकडे हिंगणी. पूल नव्हता, बरं का. एक नाव होती आणि ती चालवणारा एक नावाडी होता. त्याचं नाव भागोजी.

भागोजी मोठा बोलका माणूस. माणसांनी नावेत पाय ठेवला की हा सुरू. कुणाची गाय व्याली, कुणाच्या परसात केवढा भोपळा लागला, कुणाचा जावई कशावरून रुसला. बोलता बोलता पलीकडचा काठ यायचा. माणसं म्हणायची, "आलं पण? इतक्यात?"

त्याची लेक झेलू. मनगटं अशी की भर पाण्यातली नाव एका हातानं वळवेल. पोहायची अशी की मासे थांबून बघत राहतील. पण परकं माणूस समोर आलं की घसा कोरडा. शब्द दातापर्यंत यायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. मुकी नव्हती, हं. घरात बापाशी, वहिनीशी बोलायची. भाऊ चाकरीला लांब गेला होता, तो आला की त्याच्याशी बोलायची. बाकी कुणाशी नाही. बाप एवढा बोलायचा की तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

मग एक दिवस भागोजीची कंबर धरली. अशी धरली की उठता येईना. झेलूनं वल्हं हातात घेतलं.

पहिला दिवस. नावेत सहा माणसं. सगळी वाट बघतायत की ही काहीतरी बोलेल. ही बोलेना, म्हणून तीही बोलेनात. नाव आली मधल्या डोहावर, आणि थांबली. पाणी वाहतंय, वारा सुटलाय, झेलू वल्हं मारतेय, पण नाव जागची हलेना.

झेलूनं वाकून पाहिलं. पाण्यात एक हात होता. हिरवट, कोपरापर्यंत शिंपल्यांच्या बांगड्या भरलेला. त्या हातानं नावेचा तळ घट्ट धरला होता. मग वल्ह्यातून आवाज आला, फक्त झेलूला ऐकू येईल असा. "का गं, आज सगळे गप्प का?"

ती होती डोहातली आसरा, पाण्यात राहणारी देवता. भ्यायचं नाही. ही आसरा कुणाला बुडवायची नाही. तिला फक्त ऐकायचं असायचं. खाली पाण्यात तिला काठावरचं काही दिसत नव्हतं. माणसं काय खातात, कशाला हसतात, रुसलेला जावई म्हणजे काय, तिला सगळ्याचं नवल. नाव वरून जायची तेव्हा लाकडातून बोलणं खाली झिरपायचं. तेवढंच तिला कळायचं.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. "मग सोडते."

झेलू काय बोलणार! माणसं घाबरून ओरडायला लागली. आसरा म्हणाली, "हा ओरडा झाला. गप्पा कुठायत?" शेवटी एका बाईचं तान्हं जागं झालं. ती त्याच्याशी लाडानं बोलायला लागली, "कुठं निघालंय गं माझं सोनं टोपडं घालून?" तशी नाव सुटली.

झेलूनं घरी सगळं सांगितलं. भागोजी म्हणाला, "आसरा? माझ्या आज्यानं सांगितलं होतं खरं. मला कधी भेटली नाही बुवा." कशी भेटणार? हा कधी थांबलाच नव्हता! मग तो म्हणाला, "अगं, सोपं आहे. माणसांना काहीबाही विचारायचं."

दुसरा दिवस. झेलूनं विचारायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्या बाबांना म्हणाली, "नाव काय? गाव कोणतं? कुठं चाललात? कशाला? जेवलात का? काय जेवलात?" एक उत्तर पुरतं येईना तोवर पुढचा प्रश्न. बाबा वैतागले. "पोरी, मी काय चोरी केलीय?" म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. नाव थांबली.

तिसरा दिवस. झेलूनं पहाटे उठून बोलणं पाठ केलं. हवा, पाऊस, ज्वारी, बाजार. नाव सुटली तशी तिनं घडाघडा म्हणून टाकलं. माणसांनी जांभया दिल्या. वल्ह्यातून आवाज आला, "हे तर पाढे झाले गं." आणि नाव थांबली. दोन्ही दिवशी माणसं आपसात कुरकुरायला लागली तेव्हा कुठं सुटली.

मग काय, माणसं नावेत बसेनात. वरच्या अंगाला उथळ पाणी होतं, तिथून वळसा घालून जायला लागली. अर्धा दिवस मोडायचा त्यात. म्हातारी माणसं तर घरातच बसली.

झेलूला फार वाईट वाटलं. रागही आला. भर दुपारी ती एकटीच नाव घेऊन डोहावर गेली आणि वल्हं पाण्यात टाकून म्हणाली, "आसराताई, मला नाही जमत. तुला तरी काय ऐकायला आवडतं, सांग."

आसरा म्हणाली, "माणसाला जे सांगावंसं वाटतं ते."

झेलू पाण्यात वाकून बघायला लागली. मग तिला एकदम प्रश्न पडला. खराखुरा, बरं का. पाठ केलेला नव्हे. "तिथं खालून माझी नाव दिसते कशी?"

"ढगासारखी," आसरा म्हणाली. "वरून जाते, तेव्हा माझ्या अंगणात सावली पडते. मासे घरात पळतात."

"माशांना घरं असतात?"

"दगडाखाली. एका लांबलचक वाम माशाचं घर तर तांब्यात आहे. कुणाचा तरी पितळी तांब्या पडला होता."

"अगं बाई! तो आत मावतो?"

"शेपूट बाहेर राहतं."

झेलू हसली. मग आसरेनं विचारलं, तांब्या असतो कशाला. झेलूनं सांगितलं. त्यावरून बोलणं निघालं तहानेचं, आणि तहान म्हणजे काय हे पाण्यात राहणारीला समजावून सांगताना दोघींची हसून पुरेवाट झाली. उन्हं कलली तेव्हा कुठं झेलूच्या लक्षात आलं की आपला घसा आज कोरडा पडलाच नाही.

आसरा म्हणाली, "मी बोलले, त्यातलंच तू पुढं विचारलंस. आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं."

झालं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरले होते. सुईण ठकूबाई राहायची पलीकडे, हिंगणीला. वळसा घालून आणायचं तर उशीर झाला असता. झेलू एकटीच नाव घेऊन सुटली. आसरेशी बोलत गेली, म्हणून जाताना काही अडलं नाही. पण येताना?

ठकूबाई म्हणजे करारी बाई. त्यातून पाण्याला भ्यायची. नावेत बसली ती डोळे मिटून, ओठ आवळून, मुठीत एक काळा दोरा धरून. डोह जवळ आला. नाव जड व्हायला लागली. झेलूचा घसा कोरडा पडला.

तिनं ठकूबाईकडे पाहिलं. आणि तो दोरा दिसला. दोऱ्याला गाठीच गाठी.

"ठकूमावशी," झेलू हळूच म्हणाली, "ह्या गाठी कसल्या?"

ठकूबाईनं डोळे उघडले नाहीत. पण म्हणाली, "माझ्या हातून जन्मलेल्या लेकरांच्या."

"मग ही एवढी मोठी?"

"ती पहिली. ती लेकराची नाही. रेडकाची."

"रेडकाची?"

"मी होते एवढीशी. घरची सगळी लग्नाला गेलेली. आणि म्हैस लागली हंबरायला. बघते तर दोन पाय बाहेर! धरले आणि ओढले. मी पडले कडब्यात, रेडकू पडलं माझ्यावर."

"मग?"

"मग काय, ते मलाच आई समजायला लागलं. मी पाणवठ्यावर गेले तर माझ्यामागं. माझं लग्न झालं, मी सासरी निघाले, तर गाडीमागं ते पळतंय!"

ठकूबाईचे डोळे कधीच उघडले होते. काठ आला होता. आणि एवढ्यात नाव थांबली. गोष्ट ऐकत आसरा डोह सोडून मागोमाग आली होती. वल्ह्यातून आवाज आला, "मग? सासरी काय म्हणाले? सगळं सांगितल्याशिवाय नाही सोडणार."

काठावरच्या घरातून वहिनीचं कण्हणं ऐकू येत होतं. झेलूनं वल्हं दोन्ही हातांनी धरलं. "आसराताई, आत्ता नाही. तुला ऐकायचंय, मलाही ऐकायचंय. पण बाळ यायला निघालंय. ते थांबायचं नाही. उद्या मावशीला परत सोडायचंय, तेव्हा राहिलेलं सगळं ऐकू. मी विसरणार नाही."

"कुणाशी बोलतेस गं?" ठकूबाईनं विचारलं.

झेलूनं वल्ह्याला कान लावला. मग आसरा म्हणाली, "बाळ केवढं असतं?"

"बघते आणि उद्या सांगते."

नावेला खालून असा धक्का बसला की ती सरळ वाळूत चढली! ठकूबाई उतरली ती पळतच सुटली. आणि दिवे लागायच्या आत घरात ट्यॅहँ ट्यॅहँ सुरू झालं. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी झेलूनं आसरेला सांगितलं, बाळाची मूठ आवळ्याएवढी असते. आणि ठकूबाईनं डोळे उघडे ठेवून रेडकाची गोष्ट पुरी केली. सासूबाई आधी रागावल्या, मग त्यांनीच त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं, इथपर्यंत.

माणसं पुन्हा नावेत बसायला लागली. झेलू काही बापासारखी अखंड बोलत नसे. एखादं विचारायची आणि ऐकत राहायची. भागोजीची कंबर बरी झाली, तरी वल्हं तिच्याकडेच राहिलं.

सव्वा महिन्यानं वहिनी बाळाला घेऊन माहेरी निघाली. डोहावर झेलूनं नाव आपणहून थांबवली आणि बाळाचं पाऊल अलगद पाण्याला लावलं. खालून एक हिरवं बोट वर आलं. त्यानं त्या पावलाला एकदाच शिवलं. बाळ खुदकन हसलं.

आसरा म्हणाली, "एवढं मऊ असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

मग काय, ती सगळी सुखानं राहिली. काठावरची काठावर, पाण्यातली पाण्यात. मिटा डोळे. मिटले का? झोपा आता.